कंबर

घरी सांगितलं, कंबर दुखते,
मिरजेला दाखवून येतो.
कंबरेला कुणी पुढचं विचारत नाही.
हळदपेठेत अकरा वर्षं काट्याशी उभ्या माणसाची
कंबर दुखायचीच.

खरं असं होतं
की मुलगी झाली अठ्ठावीसशे ग्रॅमची
आणि मला ती उचलेना.

नजरेनं पोतं तोलणारा मी.
राजापुरी की सेलम, वासावर सांगेन,
ओल किती, ते चिमटीत कळतं.
आणि दुपट्यातलं हे एवढंसं...
हात पुढं केले की हात माझे नसायचे.
'पिवळे आहेत, धुऊन येतो' म्हणायचो,
आणि मोरीत नळ सोडून उभा राहायचो
बादली भरून वाहेपर्यंत.

बारशाला आत्यांच्या पाठीवर धपाधप थापा पडल्या.
बाळ कसंय. त्रिशला कशी आहे.
दूध येतं का, टाके भरले का.
मला विचारलं,
मंडपवाल्याचे दिले का?

रात्री पेठेतून येताना
आयर्विन पुलावर गाडी बंद करायचो.
खाली कृष्णा, आवाज न करणारी.
दहा मिनिटं. पुढं पुढं वीस.
कशासाठी, ते इथं लिहीत नाही.
एकदा कणसंवाल्यानं हटकलं, 'पेट्रोल संपलं व्हय?'
होय म्हणालो,
आणि टाकी भरलेली गाडी
घरापर्यंत ढकलत आणली.

मिरजेत खिडकीतली बाई म्हणाली,
'कंबर तळमजल्याला.'
मी हललो नाही.
मागची रांग कुरकुरली.
तेव्हा तिनं आवाज उतरवला, 'झोप लागते का?'
आणि कागदावर वरचा मजला लिहिला.

वर बाकावर इलाही वस्ताद.
ज्यांच्या तालमीत मी दोन वर्षं माती खाल्ली,
ज्यांचा धाकटा परसाल गेला
आणि दफनाच्या दिवशी जे
दुसऱ्यांनाच धीर देत फिरले.

मी माघारी वळणार तोवर,
'कोण रं? सुकुमार न्हवं? तुझं काय?'
'कंबर.'
वस्तादांनी दारावरची पाटी वाचली, सावकाश,
अक्षर अक्षर.
'माझीबी,' म्हणाले.

पूर्वी म्हणे हळदीचा भाव
रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा.
वर चेहरे कोरडे,
बोलणं सगळं खाली.
वस्तादांनी मांडीवरच्या टॉवेलाखाली माझा हात ओढला.
'झोप किती तास?'
मी दोन बोटं दाबली.
त्यांनी एक.

आत डॉक्टरीणबाई, माझ्याहून लहान.
पाच मिनिटं मी कंबरच सांगत होतो.
तिनं ती सगळी ऐकली.
मग म्हणाली, 'मुलीचं नाव काय ठेवलंत?'
तेवढ्यावर मी गेलो.
पूल सांगितला. पेट्रोल सांगितलं.

गोळ्या आता देवळीत असतात,
मुलीच्या थेंबांच्या बाटलीशेजारी.
त्रिशला कितीतरी वेळ पाकीट हातात धरून बसली,
म्हणाली, 'मला वाटलं, मुलगी झाली म्हणून गप्प झालास.'
त्या रात्री मुलीला तिनंच माझ्या छातीवर ठेवलं.
उचलली, असं म्हणवत नाही.
पण हात काढले नाहीत मी.

परवा टॉवेलाखाली मी चार बोटं दाबली.
वस्तादांनी दोन.
म्हणून माझा नंबर नसला तरी
मंगळवारी त्यांच्याबरोबर जातो.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
'वस्ताद, गुडघं का?'
मी खिडकीबाहेर बघायला लागलो.
वस्ताद आखाड्यात हाळी द्यावी तसे,
'दोन मिरज! डोस्क्याच्या डॉक्टराकडं!'

बस गप्प.
विश्रामबाग गेलं.
मग मागच्या सीटवरून कुणीतरी,
खाकरून,
'वस्ताद, कितव्या मजल्यावर म्हनला?'